हाट कुणाचा, हाक कुणाची

देवास किंवा धारमध्ये मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून देणारं छोटंसं शिबिर संपलं, की खुर्च्या उचलता उचलता एक मागणी येतेच : "सर, ग्रुप की लिंक डाल दो." मागणारा मुलगा घरी मराठी बोलतो, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी. संगणकातला प्रोग्राम आपल्याला उघडून बघता यावा, बदलता यावा, शेजाऱ्याला देता यावा, हे त्याने दोन तास मन लावून ऐकलेलं असतं. पुढच्या भेटीसाठी मात्र त्याला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप हवा असतो, आणि त्यातलं काहीच त्याला उघडून बघता येणार नसतं. मी आधी काही वर्षं ही मागणी टाळली. मग ग्रुप काढला, बंद केला, पुन्हा काढला. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार बंदिस्त समाजमाध्यमांवरून करावा का, या प्रश्नावर जगात, देशात आणि आमच्या माळव्यात आजवर काय काय घडलं ते इथे मांडतो. माझं मतही त्यातच आहे.

नकाराची बाजू आधी घेतो, कारण ती सर्वांत जुनी आहे आणि तिच्यात आडपडदा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. फेसबुक पसरू लागलं तेव्हा स्टॉलमन यांनी सांगितलं की तिथे माणूस वापरणारा नसतो, वापरला जाणारा असतो. 'मी तुम्हाला फेसबुकवर सापडणार नाही' अशा अर्थाचं एक चिन्हही फाउंडेशनने लोकांना आपापल्या संकेतस्थळावर लावायला दिलं. यामागचा विचार कुणालाही कळेल असा आहे. ज्या मुलाला आपण बंदिस्त सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायला निघालो, त्याला बोलावण्यासाठी आपणच बंदिस्त जागेत जाऊन बसलो, तर तोंडाने एक सांगितलं आणि वागून दुसरं दाखवलं.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. शिबिरात सगळ्यांत जास्त वेळ मला तो समजावण्यात लागतो. फेसबुक उभं राहिलं ते लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यावर. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर घडला तो इजॅबर्डी या मुक्त प्रोग्रामपासून. कच्चा माल आपल्याच कोठारातला होता. पण जीपीएल या परवान्याची केलेले बदल खुले करण्याची अट लागू होते ती प्रोग्रामची प्रत दुसऱ्याच्या हाती देताना. प्रत आपल्याच सर्व्हरवर ठेवून लोकांना फक्त सेवा दिली, तर केलेले बदल दाखवण्याचं बंधन उरत नाही. ही फट बुजवणारा ग्नू एजीपीएल परवाना २००७ च्या नोव्हेंबरात आला, तोवर बांधकाम बरंच पुढे गेलं होतं. दारं हळूहळू कशी लागली तेही आठवतं. गूगल टॉकवरून एकेकाळी दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येत असे, कारण दोघांची बोलण्याची पद्धत एकच होती, एक्सएमपीपी नावाची, सर्वांसाठी खुली. २०१३ मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि ते दार मिटत गेलं.

आता हाटाची बाजू. धार जिल्ह्यात कुक्षी, मनावर, गंधवानी, बाग या भागांत आठवड्याच्या हाटाला आजूबाजूचे पाडे रिकामे होतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात तेव्हा तर ढोल-मांदळाशिवाय काही ऐकूच येत नाही. ज्याला माणसं भेटायची असतात तो हाटाच्या दिवशी हाटात जातो, मग तो बियाणं विकणारा असो, लसीची माहिती सांगणारी आशाताई असो की मतं मागणारा उमेदवार. घरी बसून 'लोक आले नाहीत' असं म्हणणाऱ्याला या भागात कुणी कार्यकर्ता म्हणणार नाही. आज माळव्यातला हाट फोनवर भरतो. एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर अर्जाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपने येतात, शिकवणीच्या नोट्स व्हॉट्सअ‍ॅपने जातात, आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं निमंत्रणही तिथेच मिळतं. मग प्रचार करणाऱ्याने तिथे पाऊलच ठेवू नये, हे म्हणणं मला कधीच पूर्ण पटलं नाही.

देवासचं एक उदाहरण मला इथे सारखं आठवतं. त्याचा सॉफ्टवेअरशी काही संबंध नाही. एकलव्य ही संस्था १९८२ पासून मध्य प्रदेशात शिक्षणाचं काम करते आहे, आणि देवासलाही तिचं केंद्र होतं. १९९० च्या दशकात तिथे 'कबीर भजन एवं विचार मंच' चालला. माळव्यातल्या दलित वस्त्यांमधल्या भजनमंडळ्या तंबुरा आणि खडताल घेऊन रात्ररात्र कबीर गात होत्याच. कार्यकर्त्यांनी नवी सभा भरवली नाही. मंडळ्यांनाच महिन्याच्या महिन्याला बोलावलं, रात्रभर ऐकलं आणि दोन भजनांच्या मधे जातीवर, कर्मकांडावर बोलणं सुरू केलं. लिंडा हेस या अमेरिकन अभ्यासकबाईंनी २०१५ मध्ये निघालेल्या 'बॉडीज ऑफ साँग' या पुस्तकात हे सविस्तर लिहिलं आहे. प्रचारकाने लोकांच्या जागी जावं, याचा इतका चांगला पुरावा मला दुसरा सापडलेला नाही.

पण त्याच उदाहरणात उलटा पुरावाही आहे. ती रात्र कुणाच्या मालकीची नव्हती. सोनकच्छच्या मंडळीचं भजन बागलीहून आलेल्या माणसाच्या कानावर पडू द्यायचं की नाही, हे ठरवणारा कुणी मधे बसलेला नव्हता. कबीराचं पद एका मंडळीकडून दुसरीने उचललं, एक ओळ बदलली, आपली चाल लावली, तर विचारणारं कुणी नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं आणि नाथपंथी गाणाऱ्यांची निर्गुणी भजनं ऐकली. ती पुढे त्यांच्या गळ्यातून साऱ्या देशाने ऐकली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे माळव्यातल्या माणसाला समजावायला मी आता हेच उदाहरण वापरतो. 'फुकट' आणि 'मुक्त' हे आपल्याकडे वेगळे शब्द आहेतच. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे तिकडच्या प्रचारकांचा निम्मा वेळ खुलाशात जातो.

आज प्रह्लादसिंह टिपानिया यांच्यासारख्या गायकांचा माळवी कबीर यूट्यूबवर जगभर ऐकला जातो. आधी तो कॅसेटींतून गावोगाव गेला होता. यूट्यूबमुळे तो जितक्या कानांपर्यंत पोचला, तितका रात्रीच्या बैठकीतून पोचला नसता. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. फक्त आता मधे कुणीतरी बसलेलं आहे. पुढचं भजन कोणतं दाखवायचं, कुणाला दाखवायचं, आधी कोणती जाहिरात लावायची, हे ते ठरवतं. हाटात पट्टी भरून ओट्यावर बसलेल्या माणसाचा आवाज जिथवर जाईल तिथवर जातो. फेसबुकच्या हाटात आवाज किती दूर न्यायचा हे मालकाच्या हातात असतं, आणि जास्त दूर न्यायचा तर पैसे मोजावे लागतात.

भारतात या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती फ्री बेसिक्सच्या वेळी. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग ही सेवा भारतात आणली. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. त्याच वर्षी तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. मार्चअखेर दूरसंचार नियामक ट्रायने या विषयावर लोकांची मतं मागवली, आणि एप्रिलमध्ये इंटरनेट सर्वांना समान असावं अशी मागणी करणारे दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. मुक्त सॉफ्टवेअरवाले या लढ्यात पुढे होते. फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट ऑफ इंडियाचे कार्यकर्ते रस्त्यावरही उतरले. पण ते दहा लाख लोक गोळा झाले कुठे? एआयबी या विनोदी गटाच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओतून, ट्विटरवरून आणि खुद्द फेसबुकवरून. फेसबुकविरुद्धची लढाई फेसबुकच्या अंगणात लढली गेली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घालून ती निकाली काढली. नकाराचं तत्त्व त्या वेळी सगळ्यांनी काटेकोर पाळलं असतं तर हा निकाल लागला असता असं मला वाटत नाही.

याच लढ्यातला डिसेंबर २०१५ चा भागही विसरू नये. तेव्हा फेसबुकने भारतातल्या आपल्या वापरकर्त्यांना थेट सूचना दाखवून फ्री बेसिक्सच्या बाजूचा मजकूर ट्रायला पाठवायला लावला. एका बटणावर लाखो निवेदनं गेली. ट्रायने ती विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत म्हणून बाजूला ठेवली, हे आपलं नशीब. आपण त्या अंगणात ओरडून माणसं जमवतो. मालकाला ओरडावं लागत नाही, त्याला फक्त फलक लावायचा असतो.

मालकाचा हात किती चालतो याची ताजी उदाहरणंही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने मॅस्टोडॉन या मुक्त समाजमाध्यमाचं खातं बंद केलं, तिकडचे दुवे अडवले आणि इतर माध्यमांच्या प्रचारावर बंदीचा नियम काढला. ओरड झाल्यावर तो लगेच मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकवर लिनक्सविषयीच्या नोंदी आणि डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाचे दुवे धोकादायक ठरवून काढले जाऊ लागले. काही दिवसांनी कंपनीने ती चूक असल्याचं मान्य केलं. त्यात हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्यांचा सगळा गोतावळा तिथेच होता, त्यांच्या हातात त्या दिवसांत काहीच नव्हतं. त्याच महिन्यात युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने, म्हणजे एफएसएफईने, ट्विटरचं नवं रूप असलेलं एक्स सोडलं.

नुसत्या बंद होण्याचा हिशेब वेगळाच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. त्यातले मराठी समुदाय, कवितांवरची भांडणं, पाककृती, परगावच्या मराठी मुलांनी एकमेकांना दिलेले पत्ते, सगळं गेलं. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं, २०२० च्या डिसेंबरात याहू ग्रुप्स. 'कू' हे भारतीय माध्यम मराठीतही चाललं, मंत्रालयांनी तिथे खाती काढली, आणि २०२४ च्या जुलैत तेही मिटलं. धारमध्ये राहणाऱ्याला याचं वाईट वाटण्याचं आणखी एक कारण आहे. परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळातली मदनाची 'पारिजातमंजरी' ही नाटिका धारमध्ये शिळेवर कोरलेली होती. १९०३ मध्ये संस्थानातले शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांच्यामुळे ती उजेडात आली, शिलालेखांचे अभ्यासक हुल्ट्झ यांनी संपादून छापली, आणि आज कुणीही ती वाचू शकतो. पण चारपैकी दोनच अंक. उरलेल्या अंकांची शिळा मिळाली नाही आणि दुसरी प्रतही कुठे सापडली नाही.

माळव्यातच या प्रश्नाचं एक प्रत्यक्ष उत्तरही घडलं. धारपासून शंभरेक किलोमीटरवरच्या रतलामात रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी, मध्य प्रदेश वीज मंडळात अभियंता होते. इंडलिनक्स या स्वयंसेवी गटाबरोबर त्यांनी ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे डेस्कटॉप हिंदीत आणले, पुढे छत्तीसगढीतही. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून थेंबथेंब येण्याच्या काळातलं हे काम. त्याविषयी ते सतत लिहीत, हिंदीत, गूगलच्या ब्लॉगरवर. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा हा मोठा प्रचारक बंदिस्त सेवेवर लिहीत होता. तत्त्वाला बाध आला का? माझ्या मते नाही, आणि का नाही हेच या लेखात मला सांगायचं आहे. त्यांचं खरं काम, ते हजारो भाषांतरित शब्द, केडीई आणि ग्नोमच्या सार्वजनिक कोठारात होतं. ब्लॉगर उद्या बंद पडलं तरी त्याला धक्का नाही. आणि त्यांचं लिखाण वाचायला कुणालाही गूगलचं खातं काढावं लागत नव्हतं. पान उघडा, वाचा, जा. जागा परक्याची होती, पण वाचकाला उंबऱ्यावर कुणी नाव-गाव विचारत नव्हतं.

फेसबुकचा बंद गट किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप इथे वेगळा पडतो. त्यात काय चाललंय हे कळायला आधी खातं काढावं लागतं, म्हणजे आपण प्रचारक मिळून कंपनीला नवीन माणूस आणून देतो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्या शिबिरात येणाऱ्या कॉलेजच्या मुली याच कारणाने ग्रुपमध्ये येत नसत, आणि आम्ही बराच काळ समजत राहिलो की त्यांना विषयात रस नाही. ही चूक आमची होती आणि मला तिची खंत आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने वापरणाऱ्यांची माहिती मूळ कंपनीशी, म्हणजे आजच्या मेटाशी, वाटून घेण्याच्या नव्या अटी पुढे केल्या. त्यावर स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्या अटींना देशाच्या आयोगाने गैर ठरवलं, त्या मान्य करा आणि मग स्वातंत्र्यावरच्या चर्चेला या, असं सांगायला मला तोंड नाही.

मग आपलीच जागा का उभारू नये? उभारून पाहिली आहे. मराठी माणसाने तर फेसबुकच्या लाटेआधीच. मनोगत, मिसळपाव, उपक्रम आणि पुढे ऐसी अक्षरे ही संकेतस्थळं ड्रुपल या मुक्त प्रणालीवर उभी राहिली, आणि इंदूर-देवासपासून अमेरिकेपर्यंतची मराठी माणसं तिथे लिहू लागली. स्मार्टफोन आले तशी वर्दळ पांगली. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले; त्यातले बहुतेक काही आठवड्यांत परतले, कारण ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं तिकडे आलीच नव्हती. २०२१ मध्ये सिग्नल या संदेशसेवेचंही माझ्या ओळखीतल्या घरांत तसंच झालं.

तरीही मी मॅस्टोडॉनचा आग्रह सोडत नाही, आणि त्याची रचना देवासकराला समजावणं सोपं आहे. पवार घराण्यातल्या दोन भावांच्या थोरल्या आणि धाकट्या पाती इथे होत्या. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य, दुसऱ्या बाजूला दुसरं. पाणी वेगळं, दिवाबत्ती वेगळी. पण रस्ता ओलांडून बोलायला, लग्न जमवायला, उधारी मागायला कुणाला दुसऱ्या दरबारात नाव नोंदवावं लागत नसे. मॅस्टोडॉनचे सर्व्हर असेच आहेत : तुम्ही एका पातीत राहा, मी दुसऱ्या, बोलणं चालू. फेसबुकमध्ये बोलायचं तर दोघांनाही एकाच दरबारात यावं लागतं. आता मेटाच्या थ्रेड्सनेही २०२४ पासून या पद्धतीशी काही प्रमाणात जोडून घेतलं आहे. ते दार किती दिवस उघडं राहील याची मला खात्री वाटत नाही. गूगल टॉकचं दार लागताना पाहिलं आहे.

तर, हाटात जावं. पण आपल्याकडे यायला कुणालाही परक्या दरबारात नाव नोंदवावं लागू नये, ही एक अट मी आता मोडत नाही. देवासच्या शिबिराची सूचना आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पण ती संपूर्ण असते : जागा, दिवस, वेळ, सोबत काय आणायचं. खाली ग्रुपची लिंक नसते. तीच सूचना वाचनालयाच्या फळ्यावर आणि मंडळाच्या भिंतीवर लागते. शिकवण्याचं साहित्य आमच्या पानावर, मुक्त परवान्याखाली, खात्याशिवाय वाचता येईल असं. बोलत राहायचं असेल त्याला मॅट्रिक्स या खुल्या संदेशप्रणालीवरची खोली सांगतो, नको असेल तर साधा एसएमएस. यात मेहनत दुप्पट आहे आणि येणारे कमी आहेत. ग्रुप होता तेव्हा संख्या मोठी होती हे खरंच आहे, आणि जे सहकारी अजूनही ग्रुप चालवतात त्यांना मी चूक म्हणत नाही. ज्या मुलाकडे फोनच्या पलीकडे संगणक नाही त्याच्यापर्यंत तेच पोचतात.

गेल्या पावसाळ्यात धारच्या शिबिराला एक टायपिंगवाले काका आले. सूचना त्यांना तिसऱ्या हाताने, कुणीतरी पुढे ढकललेली मिळाली होती. आमच्यापैकी कुणाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पेनड्राइव्हमध्ये अकरा वर्षांचं काम होतं, सगळं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये : अर्ज, लग्नपत्रिका, मराठी मंडळाची आरतीची पुस्तिका. नव्या संगणकावर त्यातलं काहीच धड उघडत नव्हतं. आम्ही ते युनिकोडमध्ये काढायला बसलो. लिबरऑफिस टाकलं, 'मुक्त' हा 'एक टाइप' या गटाचा खुला फॉन्ट बसवला. 'ऱ्या' आणि 'र्‍हा' असलेले शब्द हाताने दुरुस्त करावे लागले, आणि पुस्तिकेत ते फार निघाले. अंधार पडला तेव्हा निम्मी पुस्तिका झाली होती. काकांनी पेनड्राइव्ह खिशात ठेवला, पुढच्या रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं आणि ती वेळ आमच्याच सूचनेच्या कागदामागे पेनाने लिहून घेतली.